प्रेस्कॉटच्या कोर्टाच्या चौकातला घोडेस्वार नक्की कोण?

निवडुंग (धागाकर्ता)

फिनिक्सकरांना सांगायला नको, जून लागला की आपण सगळे गाड्या काढून वर पळतो. दीडशे-एक किलोमीटरवर प्रेस्कॉट, उंची सोळाशे मीटरच्या आसपास, म्हणजे थोडक्यात आपलं थंड हवेचं ठिकाण. गावाच्या मधोमध यावापाई काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कोर्ट आहे. ग्रॅनाइटचे दगड, जाडजूड खांब, भोवती मोठं मैदान, एल्मची झाडं आणि चारी बाजूंनी रस्ते. कोर्टासमोर गर्ली स्ट्रीटच्या बाजूला एका अवाढव्य ओबडधोबड दगडावर ब्राँझचा घोडेस्वार आहे. गावात कुणालाही विचारा, 'तो आमचा बकी ओ'नील' असंच सांगतात.

या वेळी बाकावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. ते शांतपणे म्हणाले, "तो बकी नाहीये." आणखी काही विचारणार तेवढ्यात आमचं शेंडेफळ कारंज्याकडे धावलं आणि विषय तिथेच राहिला.

तर प्रश्न दोन. हा बकी नसेल तर कोण? आणि स्मारक आहे १८९८ च्या क्युबातल्या लढाईचं. ते ॲरिझोनातल्या डोंगरी गावाच्या कोर्टापुढे कशाला?

टवाळखोर

घोड्याचे किती पाय वर आहेत ते सांगा, लगेच निकाल देतो. दोन वर म्हणजे लढाईत गेला, एक वर म्हणजे जखमी, चारही खाली म्हणजे घरी अंथरुणात.

कज्जेदलाल

@टवाळखोर, असा कुठलाही नियम नाही. शिल्पकार घोडा उभा राहील आणि चांगला दिसेल असे पाय ठेवतो. दरवर्षी कुणीतरी हे व्हॉट्सॲपवर पाठवतं आणि दरवर्षी मी हेच लिहितो.

अर्धाचहा

वा, आवडीचा विषय काढलात. थोडं मागून सुरू करतो, कारण पुतळ्याआधी चौक समजून घ्यावा लागतो.

१८६३ च्या फेब्रुवारीत लिंकनने ॲरिझोना टेरिटरी वेगळी काढली. टेरिटरी म्हणजे आपला केंद्रशासित प्रदेश समजा. गव्हर्नर आणि न्यायाधीश वॉशिंग्टनहून नेमून यायचे, लोकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. त्याच वर्षी जोसेफ वॉकरच्या टोळीला या डोंगरात लिंक्स क्रीकला सोनं सापडलं. त्या काळी वस्तीचं गाव होतं दक्षिणेला टुसॉन, पण यादवी युद्ध चालू होतं आणि टुसॉनवर दक्षिणेकडच्या बंडखोरांना धार्जिणं असल्याचा शिक्का होता. म्हणून राजधानी जिथे गावच नव्हतं तिथे, म्हणजे सोन्याच्या खाणी आणि फोर्ट व्हिपलची छावणी यांच्या शेजारी, वसवायची ठरली. १८६४ च्या मे महिन्याअखेर सभा भरली, गावाला नाव दिलं, जूनमध्ये प्लॉटचा लिलाव. आखणी करतानाच मधला चौक सार्वजनिक म्हणून मोकळा सोडला होता.

आता गंमत रस्त्यांच्या नावांची. गावाला नाव दिलं विल्यम प्रेस्कॉट या इतिहासकाराचं. तो बॉस्टनचा, दृष्टी जवळजवळ गेलेली, या भागात कधी पाऊलही न ठेवलेला. पण १८४३ साली त्याने मेक्सिकोच्या पाडावाचा इतिहास लिहिला होता आणि तो अमेरिकेत घरोघरी वाचला गेला होता. म्हणून चौकाच्या पश्चिमेला माँटेझुमा स्ट्रीट, पूर्वेला कोर्टेझ स्ट्रीट. जिंकणारा आणि हरणारा समोरासमोर, मधे कोर्ट! उत्तरेला गर्ली आणि दक्षिणेला गुडविन. गर्ली हा पहिला नेमलेला गव्हर्नर. बिचारा इकडे यायच्या आधीच वारला. त्याच्या जागी आला तो गुडविन.

टवाळखोर

म्हणजे एक गव्हर्नर न येता रस्ता झाला आणि इतिहासकार न येता गाव झाला. मीसुद्धा आलेलो नाही. माझ्या नावाची निदान गल्ली तरी ठेवा.

अर्धाचहा

माझा प्रतिसाद अर्धाच होता, चहा उकळत होता. पुढे ऐका.

राजधानीचं नशीब फिरतं राहिलं. १८६७ साली ती टुसॉनला गेली, १८७७ मध्ये परत प्रेस्कॉटला आली आणि १८८९ मध्ये कायमची फिनिक्सला गेली. आज दिसतं ते कोर्ट पहिलं नाही. १८७८ सालचं विटांचं कोर्ट याच चौकात होतं. ते पाडून १९१६ साली हे ग्रॅनाइटचं उभं राहिलं. पुतळ्याचं अनावरण ३ जुलै १९०७ ला झालं. म्हणजे कोर्टापुढे पुतळा ठेवला असं आपल्याला वाटतं, पण आजच्या इमारतीपेक्षा पुतळाच जुना आहे.

मध्यरात्र

व्हिस्की रोचं कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. माँटेझुमा स्ट्रीटची चौकासमोरची ओळ म्हणजे व्हिस्की रो. एकाला लागून एक दारूचे गुत्ते. वाइल्ड वेस्टमधला नामचीन जुगारी डॉक हॉलिडे तिथे खेळला आणि त्याचा साथीदार व्हर्जिल अर्प याच गावात कॉन्स्टेबल होता. दोघांना नाव मिळालं ती टूम्बस्टोन गावातली गोळीबाराची भानगड त्यानंतरची.

१४ जुलै १९०० च्या रात्री आग लागली आणि ओळच्या ओळ जळाली. गिऱ्हाइकांनी काय केलं? 'पॅलेस' या गुत्त्याचा कोरीव लाकडी बार उचलून रस्ता ओलांडून कोर्टाच्या चौकात नेला. समोर गाव जळतंय आणि इकडे पेले भरताहेत. १९०१ मध्ये पॅलेस पुन्हा बांधलं, बार परत आत गेला. आजही पाहता येतो. आग लागल्यावर माणूस काय वाचवतो यावरून त्याची पारख होते म्हणतात, प्रेस्कॉटकरांची झालेली आहे.

पळसपापडी

@मध्यरात्र, 😀 आमच्याकडे असं झालं तर आधी लोणच्याची बरणी.

मला चौकाचा दुसरा उपयोग आठवला. आगीनंतर दुकानदारांनी तात्पुरती दुकानंही याच मैदानात थाटली होती. मधे मोकळी जागा नसती तर गाव पुन्हा उभं राहायला फार वेळ लागला असता. आपल्याला चौक म्हटलं की शोभेची जागा वाटते, इथे तो खरंच उपयोगी पडलेला आहे.

कज्जेदलाल

विषयावर या. बकी ओ'नील आणि कोर्ट यांचा संबंध लोक समजतात त्याहून जवळचा आहे. विल्यम ओवेन ओ'नील, जन्म १८६०. 'बकी' हे नाव फेरो या पत्त्यांच्या जुगारावरून पडलेलं, डाव चालवणाऱ्याविरुद्ध बेधडक पैसे लावायचा म्हणून. प्रेस्कॉटला त्याने कोर्टात लघुलेखनाचं काम केलं, 'हूफ अँड हॉर्न' नावाचं गुराखी-पशुपालकांचं वर्तमानपत्र काढलं, प्रोबेट जज (वारसा-मृत्युपत्रांचा न्यायाधीश) झाला, मग काउंटीचा शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख, शेवटी गावाचा महापौर. म्हणजे त्या जुन्या विटांच्या कोर्टात तो रोज जाणारा-येणारा माणूस.

शेरीफ असताना १८८९ मध्ये कॅन्यन डियाब्लोला आगगाडी लुटली गेली. पठ्ठ्याने चार दरोडेखोरांचा माग थेट यूटामध्ये काढून त्यांना धरून आणलं. आणि हाच माणूस त्याआधी एका फाशीच्या वेळी बंदोबस्तावर होता. खटका पडल्याबरोबर चक्कर येऊन कोसळला! मला तो यामुळे जास्त आवडतो.

शिळोप्या

आवडतो ठीक आहे, पण स्मारक कशाचं आहे ते बघा. स्पेनशी लढाई म्हणजे अमेरिकेचा साम्राज्याचा पहिला घास. क्युबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स. बकी ज्यात होता ती 'रफ रायडर्स' ही स्वयंसेवकांची घोडदळ फलटण म्हणजे थिओडोर रूझवेल्टच्या प्रसिद्धीचं यंत्र. सगळ्या वर्तमानपत्रांत तेच. आणि आपण घोड्यापुढे उभं राहून सेल्फी काढतो.

अर्धाचहा

@शिळोप्या, साम्राज्याचं म्हणणं मान्य. पण प्रेस्कॉटहून गेलेली पोरं साम्राज्यासाठी गेली नव्हती. आपण घरबसल्या त्यांना झोडपणं सोपं आहे.

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ॲरिझोना १८९८ साली राज्य नव्हतं. वॉशिंग्टनला वाटायचं, हे लोक म्हणजे रानटी, जुगारी, यांना राज्याचा दर्जा कशाला? ओ'नील उघड म्हणायचा की झेंड्यावर (प्रत्येक राज्याचा एक तारा असतो) एक नवा तारा चढणार असेल तर कोण जुगार खेळणार नाही? रक्त सांडलं की नागरिक म्हणून हक्क मागता येईल, हा हिशोब होता. ही फलटण मुद्दाम टेरिटऱ्यांतून भरली, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा आणि इंडियन टेरिटरी. ॲरिझोनाचे स्वयंसेवक फोर्ट व्हिपलला जमले आणि ४ मे १८९८ ला गावाने त्यांना वाजतगाजत निरोप दिला. सोबत जोसेफीन नावाचं प्यूमाचं (डोंगरी सिंहाचं) पिल्लू शुभशकुन म्हणून दिलं.

पळसपापडी

जोसेफीनचं पुढे काय झालं???

अर्धाचहा

फ्लोरिडात टँपाच्या छावणीत मागे राहिली. क्युबाला गेली नाही.

कज्जेदलाल

आणि आता बसा नीट. टँपाला जहाजांत जागाच नव्हती. म्हणून घोडेसुद्धा मागे राहिले! काही अधिकाऱ्यांचे घोडे तेवढे गेले. फलटणीच्या बारा तुकड्यांतल्या आठच चढल्या, ॲरिझोनाच्या तीनपैकी दोन. ही 'घोडदळाची' फलटण क्युबात पायी लढली. तेव्हा निवडुंग, तुमच्या स्वाराच्या ओळखीचं नंतर बघू, आधी घोड्याचीच उलटतपासणी घ्यायला हवी.

टवाळखोर

म्हणजे स्वार बकी नाही, घोडा क्युबात गेला नाही. दगड तरी खरा आहे ना?

निवडुंग

दगड खरा आहे, मी हात लावून आलोय 😀

कज्जेदलाल, हे घोड्यांचं मला अजिबात माहीत नव्हतं. इतक्या लोकांनी फोटो काढले असतील, कुणाला सुचलं कसं नाही!

टेकाडे

आमच्या मुंबईत उलटं झालं. स्वार एडवर्ड सातवा, त्याला १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेलं. लोकांनी राजाचं नाव कधी घेतलंच नव्हतं, 'काळा घोडा' म्हणायचे. शेवटी २०१७ मध्ये तिथे स्वाराशिवाय नुसता घोडाच बसवला. प्रेस्कॉटकरांनी निदान माणसाचं नाव तरी लक्षात ठेवलं.

शिळोप्या

मी पुन्हा येतोय, कारण अर्धाचहा यांनी 'गावच नव्हतं तिथे' असं वर लिहिलंय ते मला खटकलं. गाव नसेल, माणसं होती. काउंटीचं नावच यावापाई, ते इथल्या त्या नावाच्या मूळ रहिवाशांवरूनच. सोनं सापडल्यावर दहा-बारा वर्षांत त्यांचं काय झालं? त्यांना आधी व्हर्डी नदीकाठच्या राखीव भागात कोंडलं. तिथे त्यांनी पाट खणून शेती उभी केली. टुसॉनच्या ठेकेदारांना सरकारी रसद पुरवण्यात पैसे मिळायचे, हे लोक स्वतः पिकवून खायला लागले तर धंदा बुडतो. मग १८७५ च्या हिवाळ्यात सुमारे चौदाशे यावापाई आणि आपाची लोकांना डोंगरातून, भरलेल्या नद्यांतून, सुमारे तीनशे किलोमीटर चालवत सान कार्लोसच्या राखीव भागात हाकललं. शंभराहून जास्त वाटेत मेले. कॅम्प व्हर्डीला त्यांचे वंशज अजून फेब्रुवारीत तो दिवस पाळतात.

आणि त्याच प्रेस्कॉटमध्ये १९२१ पासून गोऱ्या व्यापाऱ्यांची 'स्मोकी' नावाची मंडळी अंगाला रंग फासून होपी या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीचं सर्पनृत्य करमणूक म्हणून नाचत होती. होपींनी विरोध केल्यावर १९९० मध्ये थांबलं. १९९०! आपल्यातले बरेचजण तेव्हा शाळेत होते.

अर्धाचहा

@शिळोप्या, माझं वाक्य गोऱ्यांच्या वसाहतीपुरतं होतं, पण मुद्दा तुमचा बरोबर आहे आणि तो इथे असायलाच हवा. थोडी भर घालतो. १९०० च्या सुमारास काही यावापाई कुटुंबं परतून प्रेस्कॉटजवळ राहायला लागली. १९३५ मध्ये फोर्ट व्हिपलच्याच जमिनीतला ७५ एकरांचा तुकडा त्यांना मिळाला. ज्या छावणीतून त्यांच्यावर मोहिमा निघाल्या तिचीच जमीन. १९४० पासून व्हायोला जिमुला या बाई त्यांच्या प्रमुख होत्या. आज त्या टेकडीवरून खाली शहराकडे दिसतं.

तरी पुतळा पाडा असं तुम्हाला म्हणायचंय का?

शिळोप्या

नाही. पाडा कुठे म्हणालो? चौकातल्या पायवाटेवर गावाचा इतिहास सालवार कोरलाय ना, तो वाचत चाला आणि १८७५ पाशी थांबून बघा काय लिहिलंय, एवढंच म्हणणं.

पळसपापडी

बकीची बायको पॉलीन ओ'नील हिच्याबद्दल दोन ओळी. ही बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत प्रादेशिक संघटनेची अध्यक्ष होती. १९१२ मध्ये राज्य झाल्या झाल्या त्याच नोव्हेंबरात ॲरिझोनातल्या पुरुषांनी मतदान करून बायकांना मत दिलं, देशभरच्या बायकांना मत देणाऱ्या घटनादुरुस्तीच्या आठ वर्षं आधी. पुढे ती स्वतः राज्याच्या विधिमंडळात निवडून गेली. नवऱ्याने पॉप्युलिस्ट पक्षातर्फे काँग्रेसची निवडणूक दोनदा लढवली, दोन्हीदा पडला. बाई निवडून आल्या. चौकात तिचं नाव कुठे आहे का, कुणी पाहिलंय?

तसंच शार्लट हॉल. टेरिटरीची अधिकृत इतिहासकार, १९०९ पासून, टेरिटरीत अधिकारपद मिळालेली पहिली स्त्री. इथे आलेल्या पहिल्या गव्हर्नरचं लाकडी ओंडक्यांचं घर तिने सांभाळलं, ते आता संग्रहालय आहे आणि चौकापासून चालत जाता येतं. मुलांना घेऊन जात असाल तर आधी तिथे जा, मग पुतळा.

मध्यरात्र

कोर्टाच्या पायऱ्यांचं राहिलं. ३ सप्टेंबर १९६४ ला बॅरी गोल्डवॉटरने राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराची सुरुवात याच पायऱ्यांवरून केली. त्याचा काका मॉरिस गोल्डवॉटर कित्येक वर्षं प्रेस्कॉटचा महापौर होता. जॉन्सनकडून सपाटून हरला, सहाच राज्यं मिळाली. २००८ मध्ये ॲरिझोनाचाच उमेदवार जॉन मॅककेननेही मतदानाच्या आदल्या रात्री प्रचाराचा शेवट इथेच केला. तोही हरला. राष्ट्राध्यक्ष व्हायचं असेल तर या पायऱ्या चढू नयेत.

टवाळखोर

मी तळाच्या पायरीवर बसून आइस्क्रीम खाणार. कारकीर्द सुरक्षित.

गवतीचहापात (नवीन सदस्य)

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. कलाशाखेत शिल्पकला शिकले आहे म्हणून धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नावर लिहायचं धाडस करते. वर एवढी चर्चा झाली पण शिल्पकाराचं नाव कुणी घेतलं नाही.

हे शिल्प सोलोन बोर्गलमचं. रशमोर डोंगरावर चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरणारा गटझन बोर्गलम त्याचा थोरला भाऊ. आईवडील डेन्मार्कहून आलेले. सोलोन नेब्रास्कात गुरंढोरं सांभाळायचा आणि घोड्यांच्या पाठीवर मोठा झाला. नंतर पॅरिसला जाऊन शिकला. त्यामुळे त्याचा घोडा नुसता बैठकीसारखा नसतो. इथे जनावर उधळल्यासारखं ताणलेलं आहे आणि स्वार त्याला आवरतो आहे, सगळा जोर त्या दोघांच्या ओढाताणीत आहे. खालचा दगड तासून गुळगुळीत चौथरा केला असता तर तो जोर गेला असता. त्याचंच 'विसावलेला काउबॉय' हे दुसरं शिल्पही त्याच चौकात आहे. त्यात माणूस नुसता बसलाय. दोन्ही एकामागोमाग बघा.

आणि हो, बाकावरचे आजोबा बरोबर होते. सोलोनने ओ'नीलचा चेहरा घडवलेला नाही. स्मारक ओ'नीलच्या आणि त्याच्या फलटणीच्या नावाने उभारलेलं आहे, पण स्वार म्हणजे फलटणीतला कुणीही एक.

निवडुंग

@गवतीचहापात, ताई, सुंदर प्रतिसाद. लिहीत राहा. माझ्या पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला. मग लोक त्याला बकी का म्हणतात?

कज्जेदलाल

कारण त्याच्या मरणाची गोष्ट फार चांगली आहे. १ जुलै १८९८, क्युबातल्या केटल हिल या टेकडीच्या पायथ्याशी माणसं गवतात पडून होती, गोळ्या सूंसूं करत होत्या. कॅप्टन ओ'नील मात्र सिगारेट ओढत समोर येरझारा घालत होता. सार्जंट म्हणाला, साहेब, आडवे व्हा, गोळी लागेल. तो हसून म्हणाला, मला मारील अशी गोळी स्पेनमध्ये अजून घडलेली नाही. थोड्याच वेळात गोळी तोंडात घुसली. रूझवेल्टने हे लिहून ठेवलं. तो प्रेस्कॉटला पुरलेला नाही, वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत आहे. गावाकडे थडगं नाही, मग आहे त्या ब्राँझला त्याचं नाव चिकटणारच.

शिळोप्या

हे पटलं. पण '१९०७ लाच का' हे कुणी सांगितलं नाही. मरून नऊ वर्षं झाली होती.

अर्धाचहा

मला वाटतं त्याला एक राजकीय बाजू आहे. १९०६ च्या नोव्हेंबरात ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको मिळून एकच राज्य करायचं का, यावर मतदान झालं. ॲरिझोनाने ते साफ धुडकावलं. एकत्रीकरणाच्या बाजूने होता खुद्द रूझवेल्ट, आता राष्ट्राध्यक्ष झालेला. आणि पुढच्याच जुलैत, टेरिटरीतल्या सगळ्यात जुन्या काउंट्यांपैकी एकीच्या कोर्टापुढे, रूझवेल्टच्याच फलटणीचा स्वार उभा केला. तुमच्यासाठी आमची माणसं मेली, आता आम्हाला आमचा स्वतंत्र तारा द्या. कागदावर असं कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही, हा माझा तर्क. तारा मिळाला १४ फेब्रुवारी १९१२ ला.

शिळोप्या

तर्क चांगला आहे. नुसतं 'शूरवीरांची आठवण' यापेक्षा मला हे जास्त पटतं. साम्राज्याबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम.

टवाळखोर

कायम राहू द्या, धाग्याला शंभरी गाठायची आहे.

पळसपापडी

ग्रँड कॅन्यनला जाणाऱ्यांसाठी: ब्राइट एंजल लॉजच्या आवारात बकीने १८९० च्या दशकात बांधलेली लाकडी केबिन अजून उभी आहे, दक्षिण काठावरची सगळ्यात जुनी शिल्लक वास्तू. लॉजच्या खोल्यांबरोबर ती राहायला भाड्यानेही देतात. फार आधी बुक करावी लागते.

निवडुंग

अरे वा, हे माहीत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत बघतो. सासऱ्यांना आधी सांगू नका कुणी, ते लगेच पाच खोल्या मागतील.

कज्जेदलाल

डिसेंबरात कोर्टाची रोषणाईही बघून या. ४ जुलैच्या आसपास गेलात तर रोडिओ (काउबॉय लोकांच्या घोडे-बैलांच्या स्पर्धा) असतो, १८८८ पासून चालू आहे. फक्त त्या आठवड्यात चौकाजवळ गाडी लावायला जागा मिळाली तर मला कळवा, मी प्रतिज्ञापत्रावर सही करून घेईन.